चार रांगा आणि वर दोन

चुडामण पाटलाच्या घरी पाहुणा आला, की आधी पाणी, मग गूळ आणि मग भटू, असा क्रम होता. भटू सहा वर्षांचा. त्याला ओट्यावर उभं करायचं, त्याची टोपी सरळ करायची आणि चुडामणनं म्हणायचं, "हां, चालू कर." पोरगं डोळे मिटून सुटायचं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. औटकीपर्यंत पोचलं की पाहुणा गूळ चघळायचं विसरायचा. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. तापीकाठच्या त्या गावात साडेतीनानं कुणी कधी काही गुणलं नव्हतं, पण पोराला येत होतं ना, बस.

ही सगळी कर्तबगारी गावच्या मास्तरांची. मास्तर देशावरचे, शाळा बोर्डाची आणि म्हैस मास्तरांची स्वतःची. शाळेत घालायच्या आधी घरीच पोराचे अंक पक्के झाले पाहिजेत, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते रोज संध्याकाळी येऊन भटूला घोकवत आणि जाताना परसातली वांगी नेत.

एकदा ही विद्या चुलीपाशी आली. भटूची आई दगूबाई भाकरी थापत होती. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे तिला वाटलं पोराला मोजता येत असेल.

"भटू, कोपरामाईन पाच कांदा लई ये."

भटू गेला आणि सदऱ्याच्या ओच्यात मावतील तेवढे कांदे घेऊन आला.

"आरे, पाच सांगा व्हतात ना?"

भटू विचारात पडला. "पाच म्हंजे कितला, माय?"

दगूबाईनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं. चुडामण हसला. "भटूनी माय, कांदा आनाले गडी शेतस. त्याले मामलेदार व्हवानं शे."

त्यात खोटं काही नव्हतं. मामलेदाराला कांदे मोजावे लागत नाहीत, ते आपोआप घरी येतात.

भटू बापाच्या आणि मास्तरांच्या हातात होता. दगूबाईच्या हातात होती सोनी, पाच वर्षांची, आणि हातात वेळ फार थोडा होता. पोटात तिसरं वाढत होतं. ते दिवाळीच्या सुमाराला येणार. आलं की पाळण्याची दोरी सोनीच्या हातात जाणार, आणि एकदा गेलेली दोरी सुटते ती एकदम लग्नात. दगूबाईची तशीच सुटली होती. म्हणून सोनीचं नाव भटूबरोबर याच ज्येष्ठात शाळेत पडलं पाहिजे, हे तिनं मनात धरलं. पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही.

शिकवायला तिच्यापाशी पाटी नव्हती, घर होतं. जेवायला किती माणसं, तेवढ्या थाळ्या सोनीनं मांडायच्या. मामा आला तर किती? बाप शेतात जेवणार असला तर किती? मिरच्या वाळत घालायच्या त्या पाच-पाचच्या रांगेत. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा पाचुंदा होतो, तर दोन पाचुंद्यांच्या पेंढ्या किती? सोनी चिंचोके मांडायची, बोट ठेवायची आणि सांगायची. चुकली तर दगूबाई ओरडायची नाही. नुसतं म्हणायची, "आखो मांड," की सोनी पुन्हा पहिल्यापासून मांडायची. मास्तरांच्या पद्धतीत हे कुठेच बसत नव्हतं, कारण यात छडी नव्हती.

ज्येष्ठ लागला. मास्तर वांगी न्यायला आले तेव्हा दगूबाई पदर पुढे ओढून दाराआडून म्हणाली, "गुरुजी, सोनीनं नाव बी लिखी ल्या."

मास्तरांनी चुडामणकडे पाहिलं. चुडामणनं जमिनीकडे.

"मुलीला घेता येईल," मास्तर म्हणाले, "पण तयारी बघावी लागेल. बाळ, दहापर्यंत अंक म्हण."

इतर पोरांची तयारी त्यांनी कधी बघितली नव्हती. सोनीनं चिंचोके ओळीत मांडले आणि बोट ठेवत गेली. "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांब. काय म्हणालीस?"

"लाभ."

मास्तर पोट धरून हसले. "पाटील, मुलीला एकसुद्धा येत नाही. पायाच नाही, इमारत कशी उभी राहणार? आणा दोन-तीन वर्षांनी."

आता खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हे अख्खं गाव करतं. 'एक' म्हटलं तर रास एकावरच थांबेल, ही भीती. सोनी हे शिकली बापाच्या मांडीला टेकून. त्याच बापानं मास्तरांपुढे तोंड उघडलं नाही. उलट तोही थोडा हसला.

"भटूना बाप," मास्तर गेल्यावर दगूबाई म्हणाली, "खयामा पह्यलं माप मोजताना तुम्ही काय म्हनतस?"

"ते खयं शे. हाई शाळा शे."

"मंग तुम्हनी बी तयारी कच्ची शे. दोन-तीन वरीसमा तुम्ही बी जा."

चुडामण गोठ्याकडे निघून गेला.

चार दिवसांनी मास्तर गाडी घेऊन आले. दर वर्षी पावसाआधी पाटलाकडून त्यांच्या म्हशीला शंभर पेंढ्या जात. शंभर म्हणजे वीस पाचुंदे. मोजायचा मान अर्थात विद्वानाचा. गडी पाचुंदा गाडीत टाकायचा आणि मास्तर मोठ्यानं आकडा बोलायचे. मधेच चुडामणची, बैलांची, पावसाची चौकशी करायचे. चौकशी संपली की चौदानंतर पुन्हा तेरा यायचा. मास्तरांच्या गणितात कडबा कधी कमी भरला नाही.

दगूबाईनं सोनीला ओट्यावर बसवलं आणि पुढ्यात चिंचोके ओतले. "एक पाचुंदा गाडीमा पडना का एक चिंचोका मांड. पाचनी रांग. कोनी बोलो, तू बोलू नको."

गाडी भरली. "वीस," मास्तर म्हणाले आणि उपरण्यानं मान पुसली.

"सोनी, कितला?" दगूबाईनं विचारलं.

"चार रांगा भरन्यात. नी वर दोन."

गडी खाली बघून हसला. मास्तर म्हणाले, "पाटील, जिला एक येत नाही तिच्याकडून तुम्ही हिशेब घेणार?"

चुडामण ओट्याशी गेला. त्यानं चिंचोक्यांवरून बोट फिरवलं, मग परत एकदा फिरवलं. "गाडी उतारा," तो म्हणाला. मग मास्तरांकडे बघून आवाज उतरवला, "म्हंजे, पुन्यांदा मोजी ल्हेवूत."

गाडी उतरली. भर उन्हात, मास्तर उपरणं डोक्यावर घेऊन उभे असताना, पाचुंदे पुन्हा मोजले गेले. बावीस निघाले.

दगूबाई दाराआडून बाहेर आली.

"ऱ्हाऊ द्या वरना दोन. म्हसले लागतीस. पन सोनीनं नाव लिखा."

"सोमवारी पाठवा. बघू."

"मंग गाडी बी सोमवारीच जाई. बैल सोडा रे."

मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला ढग जमले होते, आणि ओला कडबा म्हैस खात नाही. "भटू," ते म्हणाले, "शाळेतून दाखल्याचं एक रजिस्टर घेऊन ये, धाव."

औटकी येणारा भटू धावला आणि शाळेचं अख्खं कपाट उपसून घेऊन आला. सात वह्या, नकाशा आणि घंटा. त्यातलं एक रजिस्टर मास्तरांनीच शोधलं आणि गाडीच्या चाकावर ठेवून सोनीचं नाव लिहिलं.

संध्याकाळी चुडामण ओट्यावरच्या माणसांना सांगत होता, "पोरले म्या खयामा शिकाडं. मास्तर ते गार पडी गया." दगूबाईनं आतून ऐकलं आणि बोलू दिलं. नाव पडलं होतं. श्रेय ज्याला हवं त्यानं घ्यावं.

सोमवारी सोनी भटूबरोबर गेली. आठ दिवसांनी ती घरी आली ती डोळे मिटून डोलतच. "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण..."

दगूबाईचा भाकरीवरचा हात थांबला.

"सोनी. पाच कांदा लई ये."

सोनी डोलत कोपऱ्यात गेली. "लाभ, दोन," असं तिथून ऐकू आलं, मग काही नाही. ती परत आली आणि कांदे एकेक करून आईपुढे मांडले. पाच होते.

दगूबाई चुलीकडे वळली. शाळेनं अजून तरी काही बिघडवलं नव्हतं.