पेवावरची रेघ

मी फक्कीचा डबा बोलतोय. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड, खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती. जन्मानं मी दूध पावडरचा डबा. पण बोरीच्या लिंबाजी मिस्त्रीनं माझ्या बुडाला खिळ्यानं अकरा भोकं पाडली, पोटात फक्की भरली आणि माझं नशीब पालटलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणा हवं तर. पण बोरीतली साठेक घरं आधी माझ्या पोटातून जमिनीवर उतरली आणि मग उभी राहिली.

काय दिवस होते ते. नकाशा कागदावर नसायचा, भुईवर असायचा. लिंबाजी मला हलवत हलवत खोल्या आखायचा आणि मग घरच्या बाईला हाक मारायचा, "माय, ही चुलीची जागा. बसून बघ." बाई लाजत लाजत फक्कीच्या घरात बसायची, हवेत भाकरी थापायची आणि म्हणायची, "मिस्त्री, धूर समदा देवघरात जायलाय की." लिंबाजी हसून ती भिंत पायानं पुसायचा. "फक्कीची रेघ पायानं पुसता येती, भिंतीला घण लागतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्या बायांच्या पायांचे फक्कीतले ठसे मला अजून आठवतात.

माणसांची एक खोड मात्र मी साठही घरांत बघितली. घर पाहावं बांधून म्हणतात, पण बांधताना विचारतात कुणाला? मेव्हण्याला, शेजाऱ्याला, सासऱ्याच्या ओळखीच्या ठेकेदाराला. आर्किटेक्टची आठवण येते ती भिंती दारावर गेल्यावर, कुणीतरी कागद मागितला म्हणून. म्हणजे लगीन लागल्यावर पत्रिका जुळवायची.

आता लिंबाजीच्या स्वतःच्या घराबद्दल सांगतो. तीस वर्षांपूर्वी तेही मीच आखलं. जागेच्या एका कोपऱ्याखाली जुनं पेव होतं, जमिनीखाली ज्वारी साठवायचा खड्डा. रेघ नेमकी त्याच्यावरून गेली. आमची माती काळी, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम लागेस्तोवर खणल्याशिवाय पाया भरायचा नाही, हे लिंबाजी अख्ख्या गावाला सांगायचा. पण स्वतःचं घर तो दिवसभर दुसऱ्याचं काम करून संध्याकाळी बांधत होता. पाऊस तोंडावर आला होता. त्यानं पेवात दगडमाती लोटली आणि वेळ मारून नेली. हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. निदान मला तसं वाटायचं.

त्या कोपऱ्यात दर वर्षी भेग पडायची. पोळ्याआधी लिंबाजी ती गुपचूप लिंपायचा. त्याची बायको कस्तुराबाई वर कॅलेंडर अडकवायची.

पुढं लिंबाजी थकला आणि मी थापी-ओळंब्याशेजारी गंजत पडलो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पोरानं, भागवतनं, विषय काढला. "आबा, अर्पिता बारावीला गेली. अभ्यासाला खोली न्हाई. माडी चढवू म्हणतो. आधी परभणीच्या आर्किटेक्टला दाखवावं का?"

"मिस्त्रीच्या घरी आर्किटेक्ट?" लिंबाजीला लय लागलं ते. "साठ घरं बांधली मी. डबा आण माझा."

किती वर्षांनी माझ्या पोटात फक्की पडली. मला तर रडू यायचंच बाकी होतं. लिंबाजीनं गच्चीवर खोली आखली आणि सवयीनं नातीला हाक मारली, "अर्पिता, बसून बघ."

पोरगी रेघा ओलांडून सरळ कोपऱ्यात गेली आणि मांडी घालून बसली. "आबा, माझं टेबल हितं. आन् झोपायचं बी हितंच."

पेव बरोबर तिच्या खाली होतं. मध्ये एक स्लॅब आणि ती भेगाळलेली भिंत. लिंबाजीनं मला खाली ठेवलं आणि कठड्याला टेकून बसला.

"ऊठ बाळा तिथून," तो म्हणाला. मग भागवतकडं न बघता बोलला, "त्या आर्किटेक्टला बोलव. ह्या कोपऱ्याखाली पेव हाय. मी नुसतं बुजवलं व्हतं."

जिन्यात उभी असलेली कस्तुराबाई म्हणाली, "मला ठावं हाय. कॅलेंडर काय तारखा बघायला लावत व्हते व्हय?"

आर्किटेक्ट राजेश्रीबाई आल्या. कॅलेंडर उचलून बघितलं, कोपऱ्यालगत खड्डा खणायला लावला. म्हणाल्या, "बाबा, भेग मला दिसली असती, पेव दिसलं नसतं. बरं झालं आधी सांगितलंत. ह्या घरावर माडी नको. कोपरा खालून भक्कम करून घेऊ, आणि पोरीची खोली मागच्या अंगणात नव्या पायावर बांधू."

त्यांनी नकाशाचा कागद आणला. कस्तुराबाईनं तो उभा धरला, आडवा धरला आणि परत दिला. "मला ह्यातलं काय बी कळंना."

राजेश्रीबाई लिंबाजीकडं वळल्या. "बाबा, तुम्ही आखून दाखवता का?"

माझं शेवटचं काम ते. गंजून माझी भोकं एकात एक मिसळली होती, फक्की ढेकळांनी पडत होती. तरी लिंबाजीनं चारी बाजू जुळवल्या, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाई, बरोबर आली का रेघ?"

त्यांनी फीत लावून बघितलं. "ही बाजू वीतभर आत घ्या."

लिंबाजीनं पाय उचलला आणि स्वतःची रेघ पुसली.

कोपरा भक्कम झाला, खोलीही झाली. मी आता तिच्या खिडकीत असतो. बुडाला भोकं आयतीच, म्हणून कस्तुराबाईनं माझ्यात ओवा लावलाय. अर्पिता वाचता वाचता ओव्याचं पान चुरगाळून वास घेते. जुन्या घरातली ती भेग यंदाच्या पावसात वाढली नाही. तरी कस्तुराबाईनं तिथं कॅलेंडर ठेवलंय, सवय झाली म्हणते.

मला आता कुणी हलवत नाही. कधीकधी वाटतं, एखादी बाई यावी, भुईवरच्या घरात बसावी आणि म्हणावी, मिस्त्री, हे न्हाई जमलं. तुम्ही घर बांधायला निघालात तर एवढं ऐका माझं. जाणत्याला जे विचारायचं ते रेघ फक्कीची आहे तोवर विचारा, आणि आपल्या पेवाचं त्याला आधी सांगा.