लांबी भरलेली पायरी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. रंगाऱ्याच्या घरात थोरला मुलगा जन्मला, त्याच वर्षी मी त्या घरात आले. तो आत पाळण्यात होता आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. माझे मालक म्हणजे त्या मुलाचे वडील. घरचे आणि बाहेरचे सगळेच त्यांना नाना म्हणत. पुढे थोरल्याने काही खोडी केली की नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "एकाच वर्षीची दोन लेकरं माझी. सरळ उभं राहायला एकच शिकलं."

मित्रांनो, मला घडवले ते नानांच्या एका सुतार मित्राने. बिनगाठीचे लाकूड त्याने वखारीत जाऊन स्वतः निवडले होते. मला नानांच्या हवाली करताना त्याने बजावले, की हिला तेल पाज, पण रंग कधी लावू नकोस. लाकडाला भेग गेली तर ती दिसली पाहिजे. रंगाऱ्याची शिडी आणि रंगाविना, म्हणून लोक हसत. पण नानांनी ते ऐकले. सुट्टीच्या दिवशी ते मला आडवी निजवून जवसाचे तेल चोळत. त्यावर नानी, म्हणजे त्यांची बायको, दारातून टोमणा मारायची, की माझ्या डोक्याला तेल नाही आणि या भवानीला मात्र वाटी वाटी तेल.

नानांची एक रीत होती. माझ्यावर पाय ठेवण्याआधी ते खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरी बोटाच्या पेराने वाजवून बघत आणि कान देत. धड पायरी खणखणीत बोलते. आतून पोखरलेली पायरी 'बद्द' असा आवाज करते. शिडीला विचारल्याशिवाय चढू नये, असे ते आपल्या हाताखालच्यांना सांगत. एकदा एका शाळेचे काम चालू असताना माझी एक पायरी बद्द बोलली. नानांनी काम तिथेच थांबवले, मला खांद्यावर घेतले आणि थेट सुताराचे दुकान गाठले. हेडमास्तर चिडले. नाना त्यांना शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वर्ग उद्या रंगेल. कंबर मोडली तर तिला कोणता रंग देऊ?"

त्या वर्षांत मी काय काय पाहिले! दवाखान्याची लांबलचक दालने, पावाच्या भट्टीचे काजळलेले छत, नव्या जोडप्याची ती खोली, जिचा रंग नवरी रोज बदलायला लावत होती. आम्ही गेलो की मागे भिंती उजळत. नाना काम संपले की खाली उतरून मान वर करून बघत आणि एक हात माझ्या अंगावर ठेवत. एवढीच शाबासकी. मला ती पुरत असे.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. नानी गेली. नानांचे गुडघे धरले. धंदा थोरल्याने हाती घेतला आणि त्याने अॅल्युमिनियमची घडीची शिडी आणली. ती हलकी होती, चटकन उघडत होती. मला घराच्या मागे, गळक्या नळाच्या बाजूला ठेवून दिले. तिथे माझी एक पायरी भिजत राहिली, वाळत राहिली, आणि एका उन्हाळ्यात तिला आतवर भेग गेली. नाना अधूनमधून माझ्याकडे यायचे, पण त्यांना आता नीट दिसत नव्हते आणि ऐकूही कमीच येत होते. कानाचे यंत्र आणले होते. ते शिट्ट्या मारते म्हणून त्यांनी उशीखाली ठेवून दिले होते.

नानांना ऐंशी वर्षे झाली तेव्हा थोरल्याच्या मनात आले, की नानांच्या शिडीचा मान करावा. त्याने मला अंगणात आणले, पॉलिश पेपरने घासले. भेग त्याच्या नजरेला पडली. रंगाऱ्याचाच मुलगा तो. भिंतीला भेग दिसली, की रंगाऱ्यांचा हात आपोआप लांबीकडे जातो. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा पांढरा लगदा. त्याने ती दाबून भरली, वाळल्यावर घासून सपाट केली आणि वर आकाशी रंगाचे दोन हात दिले. मग माझ्या पायऱ्यांवर फुलांच्या लहान कुंड्या मांडल्या. सुताराचे बोल नानांना आठवले असावेत. पण लेकाचा चेहरा इतका फुलला होता, की ते नुसते हसले. थोरला म्हणाला, "आता कुठे चढायचंय तिच्यावर?" त्यावर नाना म्हणाले, की बरोबर आहे, आम्ही दोघेही आता बसून खाणारे.

सगळे मला छान छान म्हणत होते. आणि माझी गत तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली होती. माझ्या तोंडावरच तर रंग होता.

पुढल्या वर्षी थोरल्याची मुलगी बाळंतपणानंतर माहेरी यायची होती. तिच्यासाठी नानांची खोली द्यायची ठरले. त्या खोलीच्या छतावर गळतीचा मोठा पिवळा डाग होता. नाना थोरल्याला रोज आठवण करत. तो रोज उद्यावर ढकलत होता. लोकांची घरे रंगवणाऱ्याच्या घराला पोपडे, हे काही नवे नाही. सून म्हणाली, नाना, तो डाग कोण बघतंय? तेव्हा नाना म्हणाले, "बाळ उताणं पडतं गं. त्याला दिवसभर छतच दिसतं. आल्या आल्या डाग दाखवायचा का त्याला?"

नात यायच्या दिवशी सकाळी थोरला घडीची शिडी घेऊन कामावर गेला. सून बाजारात गेली. नाना अंगणात आले. एकेक करून त्यांनी कुंड्या खाली ठेवल्या आणि धापा टाकत मला खोलीत ओढत नेले.

मित्रांनो, त्यांनी रीत सोडली नाही. पेराने प्रत्येक पायरी वाजवली. भेगाळलेल्या पायरीवर त्यांचे बोट आले तेव्हा मी जेवढे बद्द बोलता येईल तेवढे बोलले. याहून मोठा आवाज माझ्याकडे नव्हता. ते कान देऊन थांबले. कानांनी काही सांगितले नाही. मग त्यांनी पायरीवरून तळहात फिरवला. हातालाही काही लागले नाही. रंग फारच सफाईने बसला होता.

ते चढले. त्या पायरीने कशीबशी कळ काढली. अर्धा डाग त्यांनी पांढरा केला. ब्रश बुडवायला उतरू लागले आणि ती पायरी मोडली.

खुब्याचे हाड गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात जुळणे कठीण. नानांची खाट त्याच खोलीत लागली आणि शेजारी बाळाचा पाळणा. दोघेही उताणे, दोघांच्याही वर तो अर्धा डाग. थोरल्याने लांब काठीला ब्रश बांधून तो त्याच दिवशी पुरा केला. रंग देताना त्याला वर बघवत नव्हते.

मग तो रागारागाने मला तोडायला करवत घेऊन बसला. मोडकी पायरी हातात आली, आणि तुटलेल्या तोंडात त्याला पांढरी लांबी दिसली. ती कुणी भरली हे त्याला कुणी सांगायला नको होते. तो पायरी घेऊन आत गेला. खाटेजवळ उभा राहिला आणि त्याने ती नानांपुढे धरली. नानांनी तो तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ अंगठ्याने चाचपला.

"रंग चांगला लावला होतास," ते म्हणाले. "एक ओघळ नव्हता."

थोरल्याने खाटेच्या कडेवर डोके टेकले. नानांनी त्याच्या केसांवर हात ठेवला. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

मला तोडले नाही. मी पुन्हा घराच्या मागे उभी आहे. अंगावर आकाशी रंग आहे आणि मध्ये एक जागा रिकामी आहे. घरच्यांशी बोलायला मला कधीच जमणार नाही, म्हणून तुम्हालाच विनवते. जुन्या वस्तूची भेग झाकू नका, ती दिसू द्या. आणि घरातले म्हातारे माणूस एखादे लहानसे काम पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर उठा आणि करून टाका. नाहीतर ते स्वतः उठते.

माझे मालक, रंगारी नाना, नातीचे बाळ पालथे पडायला शिकले त्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, त्याच खोलीत वारले.