आळ

बोरगावात जैनांच्या गल्लीत कुणाच्या घरी इंग्रजी शब्द आला, की तो आधी आप्पांच्या कट्ट्यावर यायचा. मग तो औषधाच्या बाटलीवरचा असो नाहीतर कोर्टाच्या नोटिशीतला. आप्पा म्हणजे श्रद्धाचे सासरे. निपाणीच्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून घरी बसलेले. चष्मा पुसत शब्दाचा अर्थ सांगायचे, आणि वर त्याच अर्थाचे दोन-चार शब्द फुकट द्यायचे.

"शब्द एकटा कधी ऱ्हात न्हाय," म्हणायचे. "त्याची पण भावकी असती."

त्याच आप्पांनी दीड वर्षापूर्वी नातीच्या कानांचा निकाल लावला होता.

नातीचं नावही त्यांनीच ठेवलेलं. पहिल्या तीर्थंकरांनी, आदिनाथांनी, आपल्या ज्या लेकीला अक्षरं शिकवली तिचं, ब्राह्मी. वर्षाची झाली तरी ही ब्राह्मी हाकेला वळत नव्हती, म्हणून श्रद्धानं हट्ट धरून तिला बेळगावला नेलं. तिथं पोरीला औषध देऊन निजवलं, डोक्याला वायरी लावल्या. तपासणारी मुलगी केरळची होती आणि घाईत होती. "दोनो कान, प्रोफाउंड," एवढंच म्हणाली. "डॉक्टर समझाएंगे. मंडे को आइए."

दवाखान्याच्या पायरीवरूनच श्रद्धाच्या नवऱ्यानं, महावीरनं, वडलांना फोन लावला.

"प्रोफाउंड?" फोनमधून आप्पांचा आवाज एकदम उजळला. "आरं, चांगला शब्द हाय की! सखोल. गहन. गाढ. अगाध. थोरामोठ्यांच्या विचाराला लावत्यात तो. पोरीचे कान खोल हायत, महावीर. वरवरचं ऐकत न्हाय ती."

महावीर हसला. श्रद्धाच्या खांद्यावर निजलेल्या लेकीच्या गालाला त्यानं बोट लावलं. "बघ. उगंच जीव टांगणीला लावलीस."

त्या सोमवारी महावीरला तंबाखूची गाडी भरायची होती. तो सोमवार गेला, मग पाठोपाठचे सगळेच गेले.

त्या एका शब्दानं घर कसं निवांत झालं! दिवाळीत दाराशी माळा तडतडल्या आणि ब्राह्मी पाळण्यात हलली नाही, तर "गाढ झोप पोरीची." बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, मिरवणुकीत बँड कानाशी वाजला आणि ती शांत बसून राहिली, तर सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "ध्यान लागलंय बघा. मागल्या जन्माचं पुण्य." सासूबाईंना श्रद्धा आत्या म्हणायची. शेजारच्या जयाबाईला आत्या कन्नडात सांगायच्या, "किवी भाळ आळ!" पोरीचे कान लई खोल. कन्नडात आळ म्हणजे खोली, हे श्रद्धाला सासरी आल्यावर कळलेलं. पण ती बेळगावच्या मराठी घरातली. तो शब्द कानावर पडला की तिला दर वेळी उगीच टोचायचं.

सांजेला आप्पा नातीला मांडीवर घेऊन बाराखडी म्हणायचे. ती त्यांच्या ओठांकडं टक लावून बघायची. "एकाग्रता बघ हिची," ते म्हणायचे.

श्रद्धा चोरून परीक्षा घ्यायची. मागून स्टीलचं ताट टाकलं की ब्राह्मी वळायची. "वळली की गं!" आत्या आतून ओरडायच्या. पण तीच पोर गोधडीवर बसलेली असली तर वळत नसे. फरशीची थरथर गोधडीतून तिच्यापर्यंत पोचत नव्हती. श्रद्धानं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बी.कॉम.ला इंग्रजीत किती पडले होते तुला? आप्पांना शिकवतीस?"

पोर अडीच वर्षं ओलांडून गेली. जयाबाईचा नातू तिच्याहून लहान, तो गल्लीभर "आज्जी, आज्जी" करत फिरायचा. ब्राह्मीच्या तोंडात नुसतं "अंऽ" यायचं. मग माहेरी बहिणीच्या ओटीभरणाला गेलेली श्रद्धा, कुणाला न सांगता लेकीला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली.

पुन्हा वायरी लावल्या, पुन्हा तोच शब्द निघाला. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, मराठी बोलणाऱ्या.

"प्रोफाउंड म्हणजे काय सांगितलं तुम्हाला?"

"सखोल," श्रद्धा म्हणाली. "गहन."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हवेत एकाखाली एक हात धरत गेल्या. "बहिरेपणाच्या पायऱ्या असतात, बाळ. कमी. मध्यम. तीव्र. आणि ही प्रोफाउंड. हिच्याखाली पायरी नाही." कागद बाजूला सारत म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होतात?"

श्रद्धा लेकीच्या कपाळावरचा वायरीचा चिकट डाग पुसायला लागली.

ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येईल, बाईंनी सांगितलं. पण नंतर वर्षानुवर्षं सगळ्या घराला तिच्याशी बोलत राहायला लागेल. आणखी उशीर केला तर आवाज पोचेल, पण तो शब्द आहे हे मेंदूला कळणार नाही. "आत्ताही मी वचन देत नाही. घरचे तयार आहेत ना?"

घरचे म्हणजे महावीर, आणि महावीर म्हणजे आप्पा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोरगावला पोचली. कडेवरची पोर खाली न ठेवताच तिनं बहिरेपणाचं आणि ऑपरेशनचं सांगितलं.

"बहिरी?" आत्या उठून उभ्या राहिल्या. "आमच्या सात पिढ्यांत कोण बहिरं न्हाय! सातव्या म्हैन्यात ताप काढलीस ती तू. म्हायेरी जाऊन काय गोळ्या गिळलीस ते तुझं तुला ठावं."

महावीर भिंतीकडं बघत राहिला.

"थांब, थांब," आप्पा म्हणाले. त्यांनी शब्दकोश ओढून उघडला होता. "आधी अर्थ बघू. प्रोफाउंड म्हणजे डीप. डीप म्हणजे आळ. यात बहिरं कुठनं आलं? दाखव मला."

श्रद्धा आजवर त्यांच्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. आज ती थांबली नाही. "आप्पा, तुमच्या कन्नडात आळ म्हणजे खोली. आणि आत्यांनी आत्ता माझ्यावर जो घेतला, त्याला आमच्या मराठीत काय म्हणतात?"

आप्पा चष्मा पुसायला लागले.

"सांगा की. तुम्ही मास्तर."

"आळ," आप्पा पुटपुटले.

"शब्द तोच. घर बदललं, आप्पा. दवाखान्यात प्रोफाउंडची भावकी वेगळी आहे."

आप्पांनी शब्दकोश मिटला. ब्राह्मी आईच्या कडेवरून घसरून गोधडीवर जाऊन बसली होती आणि चिंचोक्यांची रांग लावत होती. आप्पा अनवाणी तिच्या मागं जाऊन उभे राहिले.

"ब्राह्मी," त्यांनी हाक मारली. मग वर्गात हजेरी घेताना लावायचे त्या आवाजात, "ब्राह्मी!"

पोरीनं पुढचा चिंचोका ठेवला.

"ब्राह्मी! ए ब्राह्मी!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली. जयाबाई पदर सावरत दारात आली. "काय झालं वं मास्तर?" आप्पांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते ओरडत राहिले, घसा फाटेस्तोवर. शेवटी नुसतंच खरखरायला लागलं. पोर आपली रांग लावत होती. मग ते वाकले आणि त्यांची सावली चिंचोक्यांवर पडली. तेव्हा ती वळली. आजोबांना बघून खुदकन हसली, आणि एक चिंचोका उचलून तिनं त्यांच्यापुढं धरला.

आप्पांनी तो घेतला. मुठीत धरून तिथंच खाली बसले.

"रोज सांजेला मी कुणाला सांगत होतो गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

आत्या आत जाऊन चुलीपुढं बसल्या. महावीर म्हणाला, "कधी जायचं?" तेही आप्पांकडं बघून.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी बेळगावच्या गाडीत महावीर पुढच्या बाकावर होता आणि मागं श्रद्धा अन् आप्पा, मध्ये ब्राह्मी. आत्यांनी डबा बांधून दिला होता, पण सुनेशी बोलल्या नव्हत्या. निघताना गल्लीतला एक पोरगा कसलासा कागद घेऊन अर्थ विचारायला आला होता. "दुसऱ्या कुणाला तरी विचार," म्हणून आप्पांनी त्याला परत पाठवलं.

संकेश्वर मागं पडलं तसं आप्पा डोळे मिटून हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणायला लागले. ब्राह्मी त्यांच्या ओठांकडं बघत होती. मग तिनं हात वर करून पंजा त्यांच्या गळ्यावर टेकवला. तिथं काहीतरी थरथरत होतं. ती एकदम स्तब्ध झाली, तोंड उघडं टाकून.

आप्पा मध्येच थांबले. तिनं गळ्यावर थोपटलं, रागानं.

ते पुन्हा म्हणायला लागले. हत्तरगीला आवाज बसला, काकतीच्या चढाला खोकल्याची उबळ आली, तरी थांबले नाहीत. पोरीनं हात काढला नाही. श्रद्धा खिडकीबाहेर बघत होती. यंत्र बसवूनही पोर बोलेलच असं डॉक्टरीणबाईंनी वचन दिलं नव्हतं, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. अजून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.