पर्यायी गाडी, आसनं दोन

सल्लागारांच्या मते गाडीला काहीही झालेलं नव्हतं. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती, तापमानाचा काटा लाल पट्टी ओलांडून आडवा पडला होता, आत जळक्या रबराचा वास सुटला होता. पण झालेलं काहीही नव्हतं. "सेन्सर," ते म्हणाले. "या गाड्यांचे सेन्सर जरा घाबरट असतात." त्यांचं बोलणं पुरं होतंय तोच गाडीने एक आचका दिला आणि महामार्गाच्या कडेला जी गप्प झाली ती झालीच. सकाळचे साडेआठ वाजले होते.

सल्लागार हे त्यांचं घरातलं नाव. नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात, सल्ला हा फावल्या वेळचा उद्योग. त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि कुठला आवाज चांगला नाही हे तिला कळत असे. गेल्या आठवड्यात गाडीच्या पुढच्या भागातून कुरकुर ऐकू येते म्हणून तिने तीनदा सांगितलं होतं. रेडिओचा आवाज वाढव, असा सल्ला तिला तिन्ही वेळा मिळाला होता.

एरवी तिने हेही हसण्यावारी नेलं असतं. पण आज दहापर्यंत वडिलांकडे पोचायचं होतं. तीन वर्षं नाही नाही म्हणत शेवटी ते मुलीकडे राहायला यायला कबूल झाले होते. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, ते दोन तास तसेच पडून होते आणि कुणाला पत्ता नव्हता. भाड्याच्या घराची मुदत आज संपत होती. घरमालक बारा वाजता येणार होता. एकतर किल्ली त्याच्या हातात द्यायची, नाहीतर आणखी एक वर्षाच्या करारावर सही करायची. आणि वडील कुणाची वाट बघतील अशातले नव्हते. बस डेपोत बत्तीस वर्षं नियंत्रक होते ते. गाडीला पाऊण तासाहून जास्त उशीर झाला की फळ्यावरच्या त्या फेरीवर खडूने आडवी रेघ मारायची, विषय संपला. घरातही तोच कायदा. एकदा ही मैत्रिणीकडून उशिरा आली, तर तिला न घेताच सगळे सहलीला गेले होते.

तिने वडिलांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"रुसले," सल्लागार म्हणाले. "अजून दहासुद्धा वाजले नाहीत आणि रुसले."

"तुम्ही मदतीला फोन लावा आधी."

इथे मात्र सल्लागारांचा चेहरा उजळला. कारण त्यांनी रस्त्यातल्या मदतीच्या योजनांचे सगळे तक्ते अभ्यासून 'निर्धास्त' नावाची योजना घेतली होती. गाडी बंद पडली तर दुसरी गाडी हजर! त्यांनी ऐटीत फोन लावला. आपण सुरक्षित असाल तर एक दाबा, असं एका गोड आवाजाने सांगितलं. त्यांनी एक दाबला. सुरक्षित माणसांची घाई नसते असा तिकडे समज असावा, कारण पुढची पंचवीस मिनिटं नुसती बासरी वाजत राहिली. ओढून नेणारी गाडी आली तेव्हा सव्वादहा झाले होते.

गॅरेजातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून फक्त एकदा आत पाहिलं.

"पाण्याचा पंप गेलाय. त्याच्यापायी इंजिनही भाजलंय. आवाज येत नव्हता का आधी?"

"रेडिओ मोठा होता," बायको म्हणाली.

आता दुसरी गाडी मिळायला अडचण नव्हती. फक्त 'आज दुरुस्त होणार नाही' असा दाखला हवा होता. आज काय, महिन्यातही होणार नाही, असं मेकॅनिक छातीठोकपणे सांगत होता; पण दाखल्यावर सही पर्यवेक्षकाची लागते आणि पर्यवेक्षक जेवायला गेले होते. पावणेबाराला जेवायला जाणारा तो माणूस दीड वाजता परतला, तोही पोट भरल्यामुळे फारच शांतपणे. मधल्या वेळात भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. बायकोने ते वाजताना पाहिले. वडिलांना तोवर आठ फोन करून झाले होते.

"बाबांनी केली असेल करारावर सही," ती म्हणाली. सल्लागारांनी उठून तिच्यासाठी चहा आणला, हे त्यांचं त्या दिवसातलं सर्वात शहाणं वागणं.

भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. "योजनेत 'त्याच श्रेणीतली किंवा तत्सम' गाडी आहे सर. त्याच श्रेणीतली शिल्लक नाही."

"मग तत्सम द्या."

तत्सम गाडी म्हणजे गाद्या पोचवायची पांढरी व्हॅन होती. दोन्ही अंगांवर गादीत झोपलेल्या एका गुबगुबीत माणसाचं चित्र. पुढे दोन आसनं, मागे नुसती पोकळी.

"आम्ही तिघं होणार आहोत," सल्लागार म्हणाले.

"मागे माणूस बसवायला परवानगी नाही सर. गादी चालेल."

बायकोने किल्ली उचलली. तिघांतलं कोण गळणार याची चर्चा तिने होऊच दिली नाही. सल्लागार काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले, आणि ती मुलगी आरसे कसे लावायचे ते सांगायच्या आत व्हॅन फाटकाबाहेर गेली होती. वाटेत सिग्नलला तिने नववा फोन केला. तोही वाजून बंद झाला.

ती पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. कशी मनधरणी करायची याची तिने मनात तालीम केली होती. आधी माफी, मग न्हाणीघर, आणि अगदीच ऐकलं नाही तर चक्क भांडण.

वडील घराबाहेर, फाटकापाशी घडीच्या खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर एक बॅग. दाराला घरमालकाचं नवं कुलूप होतं. व्हॅनकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. गाद्या काय, शेजाऱ्यांकडेही येतात. ती उतरून समोर उभी राहिली तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

"बाबा, किल्ली दिलीत?"

"बाराला दिली."

"आम्ही आलो नव्हतो तरी?"

"हं."

"मग फोन का उचलत नव्हता? नऊ वेळा केला मी!"

"नऊ," ते म्हणाले. "मोजले मी." मग बॅगेचा पट्टा नीट करत बसले. "उचलला असता तर, बाबा आत्ता नको, पुढे बघू, असं ऐकावं लागलं असतं. पाऊण तास झाला तेव्हाच म्हटलं, रद्द झाली."

लहान पोर बसावं तसे ते बसले होते, आणि दिवसभर ती त्यांच्यावर चिडत आली होती.

"रद्द झाली वाटलं, मग बसून का राहिलात?"

"डेपोत असेच बसायचे लोक. रेघ मारली, ओरडून सांगितलं, तरी बाकावरून हलायचे नाहीत. मला राग यायचा त्यांचा. वाटायचं, अक्कल नाही यांना." ते उठले, खुर्चीची घडी घातली. "यांना दुसरीकडे जायलाच जागा नसेल, हे काही सुचलं नाही बघ तेव्हा."

तिने बॅग आणि खुर्ची मागच्या पोकळीत ठेवली. त्यांना शेजारी बसवलं, पट्टा लावून दिला. कोपऱ्यापर्यंत तिने गाडी नीट चालवली. मग कडेला घेऊन थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडली. वडिलांनी घड्याळ बघितलं नाही. तिचं पुरतं आवरेपर्यंत ते शेजारी बसून राहिले.