पिना मारलेलं पान

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून फाटकी पुस्तकं सांधणाऱ्या बाईंना सगळे खळबाई म्हणत, कारण त्यांच्या बोटांना कायम मैद्याची खळ लागलेली असे. स्वभावही तसलाच, एकदा एखाद्याला चिकटल्या की सुटायच्या नाहीत, असं काउंटरवरच्या बायकांचं म्हणणं. सव्वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या आणि आता त्यांना त्याचा कंटाळा आला होता. साधासुधा कंटाळा नव्हे. सकाळी कुलूप उघडतानाच संध्याकाळी ते लावायची आठवण यावी, असा.

त्यात सगळ्यात जीव खाणारी पुस्तकं कुठली, तर रात्रीच्या भीतीची. पलंगाखालचा राक्षस, खिडकीतली सावली, कपाटातला अंधार. पोराची भीती जावी म्हणून आईबाप ही पुस्तकं मोठ्या हौसेने नेत आणि दोन रात्रींत स्वतःच घाबरून जात. मग पुस्तक परत येई ते राक्षसाचे डोळे काळ्या पेनाने खोडून, नाहीतर आख्खं पान कात्रीने उडवून. एका आजोबांनी राक्षसाच्या तोंडावर गाढवाचं चित्र चिकटवून दिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "नात आता गाढवाला घाबरते. पण राक्षसापेक्षा गाढव परवडलं." काउंटरवर हशा पिकला. खळबाई हसल्या नाहीत, कारण गाढव खरवडण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला होता.

या सगळ्यांवर कडी केली ती कपाटातल्या अंधाराच्या पुस्तकाने. गोष्ट एवढीशीच. एक मुलगा अंथरुणात पडलेला, कपाटाचं दार किलकिलं होतं आणि आतून अंधार बाहेर येतो. अंधाराला पुष्कळ हात. मग खोलीचं दार उघडून आई येते, दिवा लावते, बघतात तर कपाटात नुसते कपडे. मुलगा झोपतो. चार महिन्यांत हे पुस्तक पाच वेळा एकाच घरी गेलं आणि पाचही वेळा समोरासमोरच्या त्याच दोन पानांना पिना मारून परत आलं. कचेरीतल्या बारीक पिना नव्हेत, खोक्यांना मारतात त्या जाडजूड. आणि बंद केलेली पानं अंधाराची नव्हतीच. ते पुष्कळ हात खुशाल उघडे होते. बंद होती ती आई येते ती जागा.

"म्हणजे पोराला अंधारात टाकायचं आणि वर आईलाही आत येऊ द्यायचं नाही," चिमट्याने पिना उपसताना खळबाई पुटपुटत. "कुठल्या हाडामांसाचा माणूस आहे हा, एकदा बघितला पाहिजे." मग पिनांची भोकं पातळ कागदाने बुजवून पुस्तक पुन्हा मांडणीवर पाठवत. काम चोख, तोंड कडू.

शेवटी त्यांनी काउंटरवर सांगून ठेवलं की हा इसम पुन्हा आला की आधी माझ्याकडे पाठवा.

तो आला गुरुवारी दुपारी चारला. पार्सलं बांधायच्या गोदामात कामाला असावा. अंगात तिथला गणवेश आणि बाहीला चिकटपट्टीचा तुकडा लागलेला, त्याचा त्याला पत्ता नव्हता. डोळे असे की उभ्या उभ्या झोपेल. सोबत पाच वर्षांची मुलगी होती, तिला तो मुंगी म्हणत होता. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. पिना जागच्या जागी होत्या.

खळबाईंनी चार महिने साठवलेलं सगळं त्याला ऐकवलं. पुस्तक सगळ्यांचं असतं, बापाची जहागीर नसते, उद्या दुसऱ्या कुणी हे पान उघडायचं म्हटलं तर काय करायचं, आणि मुलांच्या गोष्टीतून आई काढून टाकायला मन तरी कसं होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यांचं संपल्यावर मुंगीला म्हणाला, "जा, बाहेर चित्रं बघ जरा." ती गेली.

"हिची आई आठ महिन्यांपूर्वी गेली," तो म्हणाला. "हॉस्पिटलात."

खळबाईंनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"हिला हेच पुस्तक लागतं. दुसरं चालत नाही. अंधाराचं काही वाटत नाही तिला. पण त्या पानावर आई येते ना. पिना मारल्या की आमची गोष्ट सरळ पुढे जाते. अंधार येतो, मुलगा झोपतो, संपलं. ती विचारत नाही, मीही काही बोलत नाही." त्याने डोळे चोळले. "पण पुस्तक पुन्हा नेलं की पिना गायब. मी घरी गेल्या गेल्या मारून ठेवतो. मागच्या खेपेला दोन पाळ्या लागोपाठ झाल्या, विसरलो. वाचता वाचता ते पान उघडलं. पाणी पिऊन येतो म्हणून मी उठलो. परत येऊन बघतो तर ही दाराला डोळे लावून बसलेली. आई येईल म्हणून. सकाळपर्यंत टक्क जागी. तशीच शाळेत पाठवली तिला." मग त्याने, अजिबात न रागावता, विचारलं, "बाई, त्या पिना तुम्ही काढता का?"

त्या हो म्हणाल्या. आपल्या चोख कामाची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

"पिना नकोत, बोटाला लागतात," त्या म्हणाल्या. "मी पान नीट चिकटवून देते. आणि पुस्तक खराब झालं असं लिहून देते, म्हणजे परत करायला नको, घरीच ठेवा. ही चिठ्ठी घ्या, बाहेर ग्रंथपालांची सही आणा." धडधाकट पुस्तक खराब म्हणून त्यांनी सव्वीस वर्षांत कधी लिहून दिलं नव्हतं. लिहिताना हात जरा अडला, पण लिहिलं.

तो सही आणायला गेला. खळबाईंनी ब्रश खळीत बुडवला, तोच मुंगी दारातून आत आली आणि टेबलाशी येऊन टाचा उंचावून उभी राहिली.

"चिकटवणार?"

"हो."

"वरूनपण?"

"वरून, खालून, सगळीकडून."

"मग मी आत कशी बघू?"

तिने पुस्तक ओढून घेतलं, पिना मारलेली दोन पानं बोटांनी वरून जरा फाकवली आणि खिशात डोकवावं तसा त्या फटीला एक डोळा लावला. "असं बघते मी. बाबा झोपला की. इथून केस दिसतात आणि दिवा लावायचा हात दिसतो."

खळबाईंनीही डोळा लावून पाहिलं. केस दिसले आणि हात दिसला.

"आत आई आहे हे तुला माहितीय तर."

"हो. पण बाबाला सांगू नका. ते पान आलं की त्याला पाणी प्यावं लागतं."

"आणि त्या दिवशी रात्रभर जागलीस ती? आईची वाट बघत होतीस?"

मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसांना सगळं दोनदा सांगावं लागतं, हे तिला एव्हाना कळलं असावं. "आई मेली ना. बाबाची वाट बघत होते. तो बाथरूममध्ये नळ सोडून रडत होता. किती वेळ आलाच नाही. मला वाटलं, तोपण गेला."

"पण मग आला ना तो. तरी सकाळपर्यंत का जागी राहिलीस?"

"पुन्हा गेला असता तर?"

खळबाईंनी ब्रश खाली ठेवला. लहान मुलांचं गुपित फोडू नये, एवढं त्यांना कळत होतं. पण हे ओझं त्या एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर तसंच ठेवून घरी जायचं आणि निवांत चहा प्यायचा, एवढी त्यांची छाती नव्हती.

तो सही घेऊन आला.

"मी चिकटवणार नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, सही आणलीय."

"ती असू दे. पुस्तक तुमचंच. पण पान चिकटवणार नाही. ही दाराकडे बघत बसली होती ना, ती आईसाठी नाही. तुमच्यासाठी. तुम्ही नळ सोडून रडत होता ते हिला ऐकू येत होतं. हिला वाटलं, तुम्हीही गेलात."

तो मुलीकडे बघत राहिला. मुंगी खळबाईंकडे रागाने बघत होती, आणि तिचं काही चुकत होतं असंही नाही. त्यांनी चिमटा उचलला, तिन्ही पिना ओढून काढल्या आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. "इथेच वाचा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खवट यावा असा त्यांचा प्रयत्न होता, तो तेवढा साधला नाही.

तो स्टुलावर बसला. मुंगी त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. कपाट किलकिलं झालं, अंधार बाहेर आला, त्याचे सगळे हात त्याने घाईघाईने वाचून टाकले. मग पान उलटलं. "तेवढ्यात खोलीचं दार उघडलं," त्याने वाचलं आणि तो थांबला. आईच्या पायात सपाता होत्या, दोन वेगवेगळ्या रंगांच्या, झोपेतून उठून घाईत घातलेल्या. तो तिथेच बघत राहिला. मग पुस्तक मिटून तो उठला.

"पाणी पिऊन..."

मुंगीने त्याचा शर्ट मुठीत धरला. "पाणी नको पिऊ, बाबा. इथेच रड ना."

तो खाली बसला. पुढची गोष्ट खळबाईंनी वाचली, कारण तिघांत वाचण्याच्या स्थितीत त्या एकट्याच होत्या, आणि त्याही फारशा नव्हत्या.