हळू बोल, ऐकू येतंय

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. जुना म्हणालो म्हणून हसू नका. आमच्या जमातीत चार-पाच वर्षं झाली की म्हातारपण येतं. मी हेल्मेटच्या आत राहतो. दोन्ही कानांशी एकेक चपटा स्पीकर, तोंडापुढे छोटासा माईक आणि बाहेरच्या बाजूला एक बटण, एवढाच माझा संसार. गाडीपर्यंत माझी एकही वायर जात नाही, सगळं बोलणं हवेतून. दिसायला मी काही देखणा नाही, पण मला मिळाली तशी माणसं किती जणांच्या वाट्याला येतात ते मला दाखवा!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासोबत एक जुळी बहीणही जन्मली. आमची जोडीच विकायची होती, एक गाडी चालवणाऱ्यासाठी आणि एक मागे बसणाऱ्यासाठी. खोक्यावर डोंगरातून धावणाऱ्या तरुण पोराचं चित्र होतं. ते पाहून मी हवेतच गेलो. आपण आता हिमालयात जाणार, जोरजोरात गाणी वाजवणार, अशी स्वप्नं बघत पडलो. आणि खोकं उघडलं ते दीपनगरजवळच्या एका अंगणात, तेही तुरीच्या डाळीच्या वाळवणाशेजारी. खरं सांगतो, माझा चेहरा पडला होता. तेव्हा मला काय ठाऊक होतं!

तिथे भाईदास नाना आणि त्यांच्या पत्नी कलाबाई राहतात. नानांची सगळी नोकरी वीजनिर्मितीच्या कामात, टर्बाइनच्या हॉलमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जवळच घर बांधलं. त्यांचा मुलगा प्रशील परदेशी गेला तेव्हा आपली मोठी मोटरसायकल वडिलांच्या दारात लावून गेला. ती काय गाडी होती! पुढे रंगीत पडदा, त्यावर नकाशा, दोन्ही बाजूंना स्पीकर. नाना तिला रोज पुसत. तसं पुसणं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. आधी कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. गाडीवर बसण्याआधी चाक, ब्रेक, दिवा, हॉर्न, सगळं तपासायचं. कलाबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "झाली का हो पूजा? आता निघायचं का संध्याकाळीच?"

कलाबाईंचं माहेर असोद्याचं. दोघं त्या गाडीवर असोद्याला जात, सावद्याला जात, कधी उगाच केळीच्या बागांमधून फिरून येत. पण वय झालं तसे नानांचे कान मंदावले. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. कानाचं मशीन आणलं, तर हेल्मेट घातलं की ते शिट्टी वाजवायचं. म्हणून गाडीवर ते काढून ठेवावं लागे. मग कलाबाईंनी एक भाषाच काढली. पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा, खांद्यावर हात म्हणजे चालू द्या. टर्बाइनच्या घरघराटात नानाही हातवाऱ्यांनीच बोलत आले होते, त्यामुळे त्यांना ती भाषा झटकन जमली.

घरी मात्र कलाबाई ओरडूनच बोलत. "चहा घ्या!" हेसुद्धा असं म्हणत की शेजारचे लोटनआबा दचकून विचारत, "काय झालं हो, भांडण?"

मग एका दिवशी ती भाषा अपुरी पडली. असोद्याकडे वळताना बाजूच्या बांधावरून केळीने भरलेला ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला. कलाबाईंनी तो आधी पाहिला. त्या ओरडल्या, पण वाऱ्यात आवाज उडून गेला. घाबरून पाठीवर थापांवर थापा मारल्या, त्या नानांना कळेचनात. शेवटच्या क्षणी त्यांनी गाडी कापसाच्या शेतात घातली. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण घरी आल्यावर कलाबाई म्हणाल्या, "मी आता मागे बसणार नाही." आणि नाना म्हणाले, "मग मीबी चालवणार नाही."

झालं! गाडी विकायची ठरली. सावद्याचे केळीचे व्यापारी योगराज रविवारी गाडी न्यायला येणार होते. हे ऐकून जळगावला राहणाऱ्या नानांच्या लेकीने, दीपमालाने, आम्हा जुळ्यांना घाईघाईने घरी पाठवलं. फोनवर ती म्हणाली, "पप्पा, जय भीम. रविवारच्या आत हे जोडा. मम्मीचा आवाज थेट कानात येईल. मग काय विकायचं ते विका."

जोडायची रीत सोपी आहे, मित्रांनो. आधी आम्ही दोघं भावंडं एकमेकांना जोडायची. मग मला गाडीशी जोडायचं, म्हणजे नकाशाच्या सूचनाही माझ्यातूनच ऐकू येतात. फोनही गाडीलाच जोडायचा, मला नाही. नाहीतर फोन, गाडी आणि मी, तिघांची ओढाताण होते आणि कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. जोडण्यासाठी माझं बटण दाबून धरावं लागतं. मग माझा लाल-निळा दिवा आलटून पालटून लुकलुकतो. म्हणजे मी हाका मारत असतो, "कोणी आहे का? मला जोडून घ्या!"

घोडं अडलं ते इथेच. नानांचं उभं आयुष्य गेलं पॅनेलसमोर. तिथे लाल दिवा लुकलुकला की आधी बंद करायचं आणि मग विचार करायचा. माझा लाल दिवा लागला रे लागला की त्यांचा अंगठा आपोआप बटणावर जाई आणि मी बंद! पुन्हा सुरू केलं की पुन्हा बंद. दीपमाला फोनवरून सांगून सांगून थकली. नाना म्हणत, "अगं, यात बिघाड आहे. लाल दाखवतोय." माझ्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. बिघाड म्हणे! मी इतका जीव तोडून हाका मारतोय आणि हा माणूस माझा गळा दाबतोय! शेवटी त्यांनी मला खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिलं. तिथे धूळ होती, एक पाल होती आणि मी होतो. रविवार जवळ येत होता. आपल्यामुळे या दोघांचं फिरणं कायमचं बंद होणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळीच योगराज आले. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी, माणूस बोलायला मोकळा. ओट्यावर चहा झाला. नानांनी चावी हातात घेतली, पण ती काही हातातून सुटेना. कलाबाई ते बघत होत्या. त्या आत गेल्या आणि मला खाली घेऊन आल्या. "एकदा लावून पाहू," त्या म्हणाल्या.

"त्यात बिघाड आहे."

"बिघाड त्यात नाही, तुमच्या अंगठ्यात आहे. तो लाल एकटा लागत नाही, संगं निळाबी लागते. तुमी निळ्याला वेळच कुठं देता?"

अहाहा! मी त्यांच्या पायाच पडलो असतो, पण मला वाकता येत नाही. सगळ्या घरात एकट्या त्यांनीच माझ्याकडे नीट पाहिलं होतं. त्यांनी आधी आम्हा भावंडांची गाठ घालून दिली. मग पुन्हा माझं बटण दाबून धरलं, मला गाडीच्या टाकीवर ठेवलं आणि नानांचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवले. लाल, निळा, लाल, निळा. नानांचा अंगठा वळवळत होता. "सोड, जळेल ते," ते म्हणाले. "जळू द्या," त्या म्हणाल्या, पण हात सोडले नाहीत. मी सगळी ताकद लावून हाका मारल्या. आणि गाडीने मला ओ दिली! पडद्यावर हिरवी खूण आली आणि माझा दिवा शांत निळा झाला.

"योगराजभाऊ, एक चक्कर मारून येतो. मग गाडी तुमचीच," नाना म्हणाले.

नानांनी मला हेल्मेटमध्ये बसवून डोक्यावर घातलं. कलाबाईंनी माझ्या बहिणीला घातलं, आणि जीव मुठीत धरून त्या मागे बसल्या. कोपऱ्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच सवयीप्रमाणे घसा ताणून त्या ओरडल्या, "अहो, पुढं खड्डा आहे!"

नाना एवढे दचकले की त्यांनी गाडीच थांबवली. मग हळूच म्हणाले, "अगं, हळू बोल. ऐकू येतंय मला."

कलाबाई गप्प झाल्या. इतक्या गप्प, की मला वाटलं माझी बहीणच बंद पडली. हळू कसं बोलायचं तेच त्या विसरल्या होत्या. गाडी पुन्हा निघाली, केळीच्या बागा आल्या. मग अगदी बारीक आवाज माझ्याकडे आला आणि तो मी जसाच्या तसा नानांच्या कानात ठेवला.

"ओरडून फक्त कामाचंच बोलता येते हो. जेवा, थांबा, औषध घ्या. बाकीचं बठ्ठं, सगळं सगळं, राहूनच गेलं."

नाना समोर बघत गाडी चालवत राहिले. पण मी त्यांच्या गालाला टेकलेलो असतो, मित्रांनो. माझ्या स्पीकरवरचा फोम ओला झाला, ते मला कळलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मग सांग ना. रस्ता मोकळा आहे."

आणि त्या सांगू लागल्या. असोद्याच्या घरामागची विहीर, प्रशीलची आठवण, नानांनी दाढी धड केलेली नाही, सगळं. मध्येच "डावीकडून ट्रॅक्टर" हेही, आणि नानांनी वेळेवर गाडी हळू केली. हिमालयात गाणी वाजवणाऱ्या हेडसेटांनी यावं आणि मला सांगावं, यापेक्षा सुंदर गाणं तुम्ही कधी वाजवलंय का?

परत आलो तेव्हा योगराज ओट्यावरच बसले होते. नानांनी चावी पुढे केलीच नाही. कलाबाईच म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. गाडी आता द्यायची नाही."

योगराज हसत उठले. "मावशी, तुमी जाताना ओरडत गेल्या अन् येताना कुजबुजत आल्या. मी तवाच समजलो का आपली गाडी गेली!"

तेव्हापासून मी नानांसोबतच आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसं माझं झालं. तेही शिस्तीचे, मीही शिस्तीचा. नाना मला वेळेवर चार्ज करतात, पावसातून आलं की फोम काढून सावलीत वाळवतात. कधीकधी तर घरातही दोघं हेल्मेट घालून बसतात. नाना ओट्यावर, कलाबाई चुलीपाशी, आणि गप्पा चालू. लोटनआबा म्हणतात, "नाना, घरातबी अपघात होते का?" हसू द्या त्यांना!

आता माझा डावा स्पीकर बंद पडला आहे, बॅटरीही लवकर उतरते. दीपमाला म्हणते, नवा घ्या. नाना म्हणतात, "एक कान आहे ना अजून त्याला, माझ्यासारखाच." माझं काय, आज आहे, उद्या नाही. पण तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येत असेल, तर तुम्हाला एक विनंती आहे. दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. उठा, जवळ जाऊन बसा आणि कानाशी हळू बोला. आणि फक्त जेवा, औषध घ्या एवढंच बोलू नका. ज्यांच्या घरी मी नाही, त्यांनाही हे जमतं.

काल कलाबाई गाडीवर बसल्या आणि इतक्या वर्षांनी, चुकून, पुन्हा मोठ्याने ओरडल्या. मी माझ्या एकाच स्पीकरातून आवाज पोचवला. नाना हसले आणि म्हणाले, "हळू बोल. ऐकू येतंय."