फलकावरची तेवीस नावं

साक्रीबाहेरच्या पत्र्याच्या शेडपुढे मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. मोतीलाल महाराज चिमूटभर तांबडी पूड आजाऱ्याच्या जिभेवर ठेवत आणि गरजत, "सुई नाही, सुरी नाही! भूक लागली की समजा, गाठ मेली!" लोक हात जोडत. भिंतीवर फलक होता, 'कॅन्सरमधून बरे झालेले'. त्यावर गावांसकट तेवीस नावं. चोविसावं नाव कोकिळाचं लागणार होतं.

कोकिळाच्या छातीतली गाठ धुळ्याच्या डॉक्टरांनी लिंबाएवढी असतानाच पकडली होती. दोन केमो झाल्या. केस गेले, अन्न नकोसं झालं, आणि तिसऱ्या वेळी ती गेलीच नाही. इकडे पूड सुरू झाली आणि आठ दिवसांत ती दोन दोन भाकरी खाऊ लागली. चेहरा भरला.

"दीपा, माले भूक लागनी वं!" फोनवर ती रडत होती, हसत होती.

तिची धाकटी बहीण दीपमाला धुळ्यात कॅन्सरच्या एका अभ्यासावर कामाला होती. उपचार अर्धवट सोडलेल्यांची घरं शोधायची, त्यांचं पुढे काय झालं ते लिहायचं. परक्यांचे उंबरे झिजवणाऱ्या दीपमालाला सख्ख्या बहिणीने उपचार सोडल्याचं तीन महिन्यांनी कळलं.

तिने पूड तपासून घेतली.

"स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात," रुग्णालयातले डॉक्टर योगेंद्र म्हणाले. "सूज उतरते, भूक लागते, उभारी येते. चेहरा गोल होतो तोही त्यानेच. गाठ मात्र वाढतच राहते. पण पूड एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. अक्कांना लवकर घेऊन या."

दीपमालाने हे सांगितल्यावर कोकिळाने मान फिरवली. "तेवीस लोक बरा व्हयनात, ते काय खोटं शे?"

दीपमालाने रजा टाकली, फलकाचा फोटो घेतला आणि गावोगाव निघाली. पुढच्या मंगळवारी ती गर्दीत उभी राहिली.

"पहिलं नाव अभिमन भाऊंचं. मार्चमध्ये भूक लागली म्हणून नाव लागलं. जूनमध्ये ते वारले."

"श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले.

"मग नाव का नाही पुसलंत?"

महाराजांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. दीपमाला हातातली यादी वाचत राहिली. तेविसांतले सतरा गेले होते. चौघांचं ऑपरेशन आधीच झालं होतं. उरलेल्या दोघांना कॅन्सर नव्हताच, साध्या चरबीच्या गाठी होत्या. पुडीने बरं झालेलं एकही नाव नव्हतं.

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "अभिमन मना भाऊ व्हता. आम्हीन कोन्हाले सांगं नही. लाज वाटनी."

रांगेत उभी असलेली कोकिळा रांग सोडून दीपमालाजवळ आली.

दीपमालाच्या तक्रारीवरून पोलिसांनी शेडला कुलूप लावलं. कोकिळा पुन्हा रुग्णालयात आली, पण रोग यकृतात पोहोचला होता. डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं. "तवय तू जवळ व्हती, तरी मी तुले इचारं नही," एवढंच ती एकदा बोलली. दीपमाला तिचे पाय चेपत राहिली. अडीच महिन्यांनी कोकिळा गेली.

तेराव्याला बायका उठून गेल्यावर शेजारच्या प्रमिलाबाई मागे रेंगाळल्या. पदर सावरत म्हणाल्या, "दीपा, माले बी गाठ लागस. दोंडाईचाले एक बाबा मुळी देस म्हणे. त्याना बी लई लोक बरा व्हयनात."

दीपमालाने त्यांचा हात धरला.

"काकू, बरे झालेले चार जण कोणीही उभे करतो. आले किती आणि त्यांतले आज जिवंत किती, हे विचारायचं. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या हातात जीव द्यायचा नाही. केमोचा त्रास होतो, मी खोटं सांगणार नाही. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगू, मला सांगा, पण घरी बसू नका. लवकर सापडलेली गाठ बरी होऊ शकते. आमच्या अक्काचीही झाली असती."

प्रमिलाबाई रडू लागल्या. "माले भ्या वाटस."

"मलाही वाटतं," दीपमाला म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला निघू. मी तुमच्याबरोबर आहे."